‘नो इश्यू’ लिहिलंत, तिथंच इश्यू झाला

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. शाळा मराठी माध्यमाची, पुढं डिप्लोमा. इंग्रजी वाचलेलं कळतं, लिहिताना गाडी अडते. गेल्या महिन्यात इंग्लंडच्या कस्टमरनं मेलमध्ये विचारलं, ‘प्लीज कन्फर्म व्हिच इश्यू ऑफ द ड्रॉइंग यू आर वर्किंग टू.’ मला वाटलं, ड्रॉइंगमध्ये काही अडचण आहे का, असं विचारतोय. मी कळवलं, ‘नो इश्यू इन ड्रॉइंग, सर.’ तीनशे कास्टिंग जुन्या ड्रॉइंगवर ओतून झाली. आता साहेब म्हणतात, ‘तुझ्या मेलमध्ये हा शब्द परत दिसता कामा नये.’ मग लिहायचं तरी काय? त्यात घरी वारलेल्या आत्याच्या जमिनीचे कागद आलेत. इंग्रजी भाषांतरात ‘शी डाइड विदाउट इश्यू’ असं आहे. चुलतभाऊ म्हणतो, म्हणजे कसला वाद नव्हता, जमीन क्लिअर आहे. ह्या एका शब्दाला अर्थ आहेत तरी किती?
— एक वाचक, शिरोली पुलाची

उत्तर:

आधी घरचं. चुलतभावाला सांगा, सही करायची घाई नको. ‘विदाउट इश्यू’ म्हणजे ‘वाद नसताना’ नव्हे, ‘मूलबाळ नसताना’. आत्या निःसंतान वारल्या एवढंच ते वाक्य सांगतं. जमीन क्लिअर आहे की नाही याबद्दल त्यात अवाक्षर नाही. तपशील पुढं येतोच.

आता ड्रॉइंग. तुमचा गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण मराठीत आपण हा शब्द घेतला तो जवळजवळ एकाच अर्थानं: अडचण, नाहीतर भांडण. ‘काय इश्यू हाय?’, ‘उगं इश्यू करू नगंस.’ इंग्रजीत मात्र ‘अडचण’ हा अर्थ बराच अलीकडचा, धाकटी पाती म्हणा. शब्दाचं मूळ लॅटिन. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘इरे’ म्हणजे जाणं. फाटकावर लिहिलेला ‘एक्झिट’ही त्याच मुळाचा. तिथून तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. म्हणजे इश्यू हा मुळात ‘बाहेर पडणं’ आणि ‘बाहेर पडलेली गोष्ट’.

मराठीत याला तंतोतंत जोडीदार आहे: ‘निघणं’. हुकूम निघतो, वॉरंट निघतं, अंक निघतो, चेक निघतो, धूर निघतो, विषय निघतो आणि मग भांडणही निघतं. इंग्रजीत या बहुतेक ठिकाणी इश्यू बसतो. सरकारी मराठीनं तर मुळाला धरूनच शब्द बनवला: निर्गमित करणं. ‘निर्’ बाहेर, ‘गम्’ जाणं. जातीच्या दाखल्यासाठी शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा आणलेला असेल, त्यातलाही निर्गम हाच. आणि तुमच्या गेटवरच्या आवक-जावक रजिस्टरातलं ‘जावक’? तेही त्याच घरचं. म्हणून अर्थ अडला की ‘अडचण’ हा शब्द क्षणभर बाजूला ठेवायचा आणि विचारायचं: इथं कशातून काय निघालं?

ड्रॉइंग ऑफिसमधून निघालेली प्रत म्हणजे ड्रॉइंगचा इश्यू. पहिली निघाली ती इश्यू एक, बदल करून पुन्हा निघाली ती इश्यू दोन. ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये हा आकडा असतो. कुणी तिथं ‘रिव्हिजन’ लिहितं, कुणी ‘इश्यू’. काही कस्टमर दोन्ही वापरतात, एकाला आकडा आणि एकाला अक्षर. असं असेल तर उत्तरात दोन्ही कळवायचं. तुमच्या मेलचं बरोबर उत्तर असं झालं असतं: ‘वी आर वर्किंग टू इश्यू टू, डेटेड’ आणि पुढं टायटल ब्लॉकमधली तारीख. सोबत ड्रॉइंग नंबर. एवढं गेलं असतं तर तिकडून त्याच दिवशी कळवलं असतं की बाबा, इश्यू तीन निघालाय.

तारीख मेल मिळाल्याची द्यायची नाही, टायटल ब्लॉकमधलीच द्यायची. चूक नेमकी इथं होते. आणि फौंड्रीत कागद बदलून भागत नाही. इश्यू बदलला म्हणजे कुठलं तरी माप बदललं. मशीनिंग अलाउन्स, म्हणजे घासून काढायला ठेवलेली जादा जाडी, ३ मिलिमीटरचा ४ झाला असेल तर पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, बदलायला हवा; आतलं भोक बदललं असेल तर कोअर बॉक्स, म्हणजे त्या भोकासाठी वाळूचा गाभा घडवायची पेटी. मेलला उत्तर देण्याआधी पॅटर्नवर टाकलेला इश्यू नंबर डोळ्यानं बघून यायचा. तो टाकलेलाच नसेल तर आजच टाकून घ्या. शॉप फ्लोअरवरची जुनी प्रत परत घेऊन तिच्यावर ‘सुपरसीडेड’चा शिक्का, म्हणजे ‘ही रद्द, हिच्या जागी दुसरी आली’. लॅमिनेट करून मशीनला अडकवलेल्या प्रती सगळ्यात घातक, वर्षानुवर्षं तिथंच लोंबत असतात.

आता साहेबांची तक्रार. शब्दाला बंदी घालणं हे जरा अती झालं, पण त्यांचं दुखणं खरं आहे. ‘देअर इज सम इश्यू इन कास्टिंग’ या वाक्यातून कस्टमरला काहीच कळत नाही. ब्लोहोल आलंय, श्रिंकेज आहे, वाळू अडकलीय, साच्याचे दोन्ही अर्धे सरकून मिसमॅच झालाय, का माल पेटीत कमी भरलाय? इश्यू या शब्दात हे सगळं मावतं, म्हणून त्यातून काहीच निघत नाही. बहुतेक वेळा तो लाजेखातर वापरलेला असतो. ‘डिफेक्ट’ लिहायला जीभ अडखळते, ‘इश्यू’ लिहिलं की गोष्ट मऊ होते. समोरचा क्वालिटीवाला मात्र असलं मऊ वाक्य वाचूनच सावध होतो. काहीतरी झाकलंय, असं त्याला वाटतं.

उपाय साधा. इश्यू लिहायला हात गेला की जे बिघडलं त्याचं नाव लिहा, मग जागा, मग संख्या, मग तुम्ही काय केलंत. या क्रमानं:

‘वी फाउंड ब्लोहोल्स ऑन द फ्लँज फेस ऑफ फोर्टीन आउट ऑफ टू हंड्रेड कास्टिंग्ज. ऑल आर फ्रॉम वन हीट. वी हॅव सेग्रिगेटेड द होल हीट.’

तीन छोटी वाक्यं, पुढं हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या त्या वितळणीचा नंबर, सोबत फोटो. कारण अजून सापडलं नसेल तर ते कधी कळवणार तेवढं लिहा. कस्टमर एट-डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीवरचा आठ पायऱ्यांचा अहवाल, मागतो तेव्हा त्यातल्या दुसऱ्या पायरीत हेच मागत असतो: काय, कुठं, किती. तिसरी पायरी म्हणजे तोवर माल कसा अडवून धरला. इश्यू लिहून दोन्ही पायऱ्यांना उत्तर मिळत नाही.

मग त्याच्या जागी कुठला शब्द? सरसकट एक नाही, आणि प्रतिशब्दकोश उघडून पहिला दिसेल तो उचलला तर आगीतून फुफाट्यात.

‘डिफेक्ट’ आणि ‘नॉन-कन्फर्मिटी’ हे दोन तुमच्या रोजच्या कामाचे, आणि ते एक नव्हेत. आयएसओ ९००० या मानकात त्यांच्या व्याख्याच वेगळ्या आहेत. ठरलेली अट पाळली गेली नाही की ती नॉन-कन्फर्मिटी. वस्तू ज्या वापरासाठी आहे त्या वापराशी ती चूक जोडलेली असेल तर डिफेक्ट. लेबल उलटं चिकटलं ही नॉन-कन्फर्मिटी. ब्रेकच्या पार्टला तडा हा डिफेक्ट. डिफेक्ट या शब्दाला नुकसानभरपाईच्या कायद्यात वजन आहे, तेव्हा तो मेलमध्ये लिहिणं म्हणजे कबुलीजबाबाच्या जवळ जाणं. खात्री होईपर्यंत नॉन-कन्फर्मिटी लिहिणं यात लपवाछपवी नाही, नेमकेपणा आहे.

‘प्रॉब्लेम’ म्हणजे सोडवायची अडचण. इश्यूपेक्षा तो रोखठोक आणि त्यात गैर काही नाही. ‘प्रॉब्लेम’ लिहिलं तर कस्टमर चिडेल ही समजूत बिनबुडाची. ‘ट्रबल’ मशीनला, भट्टीला. ‘कन्सर्न’ म्हणजे मनातली शंका किंवा काळजी. गाड्यांच्या कंपन्या मात्र नोंदवलेल्या तक्रारीलाही कन्सर्न म्हणतात, तेव्हा ‘ओपन कन्सर्न’ असं आलं तर त्याला तुमची काळजी वाटतेय असं समजू नका, तक्रार अजून मिटलेली नाही. चलनावर दोनशे आणि पेटीत एकशे चौऱ्याण्णव, ही ‘डिस्क्रिपन्सी’, आपली तफावत. ‘क्वांटिटी इश्यू’ लिहाल तर जास्त आले का कमी हे विचारायला एक मेल वाढतो. ‘डिस्पॅच इश्यू’ म्हणजे बहुतेक वेळा ‘डिले’, तर सरळ डिले लिहा आणि किती दिवस ते सांगा. ‘पेमेंट इश्यू’ हा तर सभ्यपणाचा कळस. पैसे थकलेत ना? मग ‘ओव्हरड्यू’. ‘डिस्प्यूट’ तेव्हाच, जेव्हा दोन बाजू अडून बसल्यात. हा शब्द सहज लिहू नका, तो वाचून समोरचा फाइल वकिलाकडं पाठवतो.

मग इश्यू कुठं ठेवायचा? विषय मोठा आहे, त्याला अनेक बाजू आहेत आणि लोकांत मतभेद आहेत, तिथं तोच शब्द शोभतो. पंचगंगेचं प्रदूषण हा खरा इश्यू. ‘द इश्यू ऑफ पोल्यूशन इन द पंचगंगा’, मराठीत ‘प्रश्न’. तिथं डिफेक्ट चालणार नाही आणि ट्रबलही नाही. यातला छोटा शब्दही ध्यानात ठेवा. ड्रॉइंगची किंवा मासिकाची गोष्ट नसेल, तर ‘इश्यू ऑफ’ आलं की विषय किंवा प्रश्न, ‘इश्यू विथ’ आलं की अडचण. कोल्हापुरात ‘काय विषय हाय?’ म्हणतात, तो ‘विषय’ इंग्रजी इश्यूच्या फार जवळ जातो. बाब, वाद आणि भानगड तिन्ही एकाच शब्दात. ‘विषय हार्ड’चं इंग्रजी मात्र कुणी विचारू नये.

‘नो इश्यू’ हे उत्तर आपल्याकडं ‘हो, चालेल’ म्हणून वापरतात. आपसात चालतं. लेखी व्यवहारात ते टाळा, कारण त्यात तुम्ही कशाला होकार दिला ते राहत नाही. तारखेला होकार असेल तर तारीख लिहून ‘कन्फर्म्ड’ म्हणा.

क्रियापद म्हणून इश्यू आला तर डोकं खाजवायचं कारण नाही, तिथं काहीतरी रीतसर दिलं जातंय. स्टोअरमधून टूल इश्यू होतं, गेट पास इश्यू होतो, बँक चेकबुक इश्यू करते. पासपोर्टवर, लायसनवर ‘डेट ऑफ इश्यू’ म्हणजे दिल्याची तारीख. तिथं कुणी ‘अडचणीची तारीख’ वाचत नाही, हे नशीब. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. तसल्या जुन्या वाचनालयाच्या काउंटरवरही पुस्तक इश्यू होतं आणि रिटर्न होतं, आणि मराठीत हा अर्थ इतका मुरलाय की त्याचा इश्यूशी संबंध आहे हेच ध्यानात येत नाही. एक बारकावा: ब्रिटिश माणूस ‘इश्यूड विथ अ पास’ लिहितो, अमेरिकन ‘विथ’ गाळतो. तुमचा कस्टमर इंग्लंडचा आहे, तेव्हा तिथल्या ‘विथ’ला अडचणवाला ‘विथ’ समजू नका. आधी ‘इश्यूड’ आहे, म्हणजे पास मिळालाय. एलसीवर, म्हणजे बँकेच्या पतपत्रावर, माल पाठवत असाल तर ‘इश्यूइंग बँक’ ही कस्टमरची बँक, जिनं पत उघडली ती. शेअर बाजारातला पब्लिक इश्यू, राइट्स इश्यू हे ‘बाजारात निघालेले शेअर’.

मासिकाचा इश्यू म्हणजे अंक. ‘व्हॉल्यूम १२, इश्यू ३’ म्हणजे वर्ष बारावं, अंक तिसरा. ‘एडिशन’ म्हणजे आवृत्ती, ती वेगळी: पेपरची कोल्हापूर आवृत्ती ही एडिशन, आजचा अंक हा इश्यू. दिवाळी अंकाला ‘दिवाळी इश्यू’ म्हणा, ‘दिवाळी एडिशन’ नको.

आता आत्याचे कागद. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, त्यामुळं मराठी फेरफार आणि वारस नोंदी इंग्रजीत करून मागितल्या जातात. कोर्टाच्या इंग्रजीत इश्यूला दोन अगदी निराळे अर्थ आहेत आणि एकाच फाइलमध्ये दोन्ही भेटतात.

एक, वादमुद्दा. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश १४ याच विषयावर आहे: एका बाजूनं महत्त्वाची गोष्ट मांडली आणि दुसरीनं नाकारली की इश्यू तयार होतो. कोर्ट हे मुद्दे काढतं, त्यालाच वकील ‘इश्यू फ्रेम झाले’ म्हणतात. इथं तो मोजता येतो: इश्यू नंबर एक, इश्यू नंबर दोन. सोबतचे शब्दही ठरलेले, ‘फ्रेम’, ‘डिसाइड’, ‘अ‍ॅट इश्यू’. तुमच्या चुलतभावाच्या डोक्यात हाच अर्थ होता.

दोन, संतती. पोटातून बाहेर आलेली ती इश्यू. सोबत ‘डाइड’, ‘लीव्हिंग’, ‘विदाउट’, ‘सर्व्हायव्हिंग’ असे शब्द दिसले की डोळे झाकून हा अर्थ घ्या. इंग्लंडच्या कायद्यात या अर्थी तो समूहवाचक, एकवचनीच राहतो आणि त्यात मुलंच नव्हे तर नातवंडं-पतवंडंही येतात. आपल्याकडच्या कोर्टी इंग्रजीत मात्र ‘टू इश्यूज वेअर बॉर्न’ असं सर्रास लिहितात, म्हणजे दोन अपत्यं झाली. लग्नाच्या जाहिरातीतलं ‘इश्यूलेस डिव्होर्सी’ हे आपल्याकडं रुळलेलं इंग्रजी: घटस्फोटित, मूल नाही. ‘कसलाच इश्यू नसलेला’ असा अर्थ काढून स्थळ बघायला निघालेला माणूस भेटला तर नवल वाटायला नको.

खरी ग्यानबाची मेख पुढं आहे. इंग्रजी कागद हा भाषांतर आहे, तेव्हा मूळ मराठीत काय होतं ते बघा. जुन्या नोंदीत तीन शब्द येऊ शकतात. ‘निःसंतान’ असेल तर ‘विदाउट इश्यू’ बरोबर. ‘निपुत्रिक’ असेल तर थांबा. हा शब्द लोक मूलबाळ नसलेल्याला वापरतात, पण अक्षरशः त्याचा अर्थ मुलगा नसलेला. आत्याला मुलगी होती आणि नोंद करणाऱ्यानं ‘निपुत्रिक मयत’ लिहिलं, असं असेल तर ‘विदाउट इश्यू’ हे भाषांतर त्या मुलीला कागदावरून पुसून टाकतं. आणि ‘बिनवारस’ हा तिसराच प्रकार. मूल नसलं तरी नवरा असतो, भाऊ असतात, माणूस बिनवारस होत नाही.

याचा जमिनीवर थेट परिणाम होतो. आत्याला ती जमीन तुमच्या आजोबा-आजीकडून वारशानं मिळाली असेल आणि त्या मृत्युपत्र न करता वारल्या असतील, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १५(२) लागतं. मुलगा, मुलगी किंवा आधी वारलेल्या मुला-मुलीची मुलं यांपैकी कुणीच नसेल, तर ती जमीन आत्याच्या वडिलांच्या वारसांकडं, म्हणजे तुमच्या घरी परत येते. नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून वारशानं आलेली असेल तर नवऱ्याच्या वारसांकडं. मूल असेल तर दोन्हीकडची वाट बंद. म्हणजे ‘विदाउट इश्यू’ या दोन शब्दांवर तुमच्या चुलतभावाचा हक्क उभा आहे किंवा आडवा, आणि तो त्याचा अर्थ ‘वाद नव्हता’ असा सांगत फिरतोय.

तेव्हा तलाठ्याकडून मूळ फेरफाराची नक्कल काढा, वारस नोंदीतला मराठी शब्द आणि इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवून वकिलांना दाखवा. दत्तक मूल असल्यास तेही त्यांच्या कानावर घाला. इश्यू शब्दात दत्तक धरायचं की नाही हे त्या-त्या कागदाच्या भाषेवर आणि लागू होणाऱ्या कायद्यावर ठरतं. शब्द चुकला असेल तर भाषांतर करणाऱ्याकडून दुरुस्त प्रत घ्यायची, पेनानं वर काहीबाही लिहायचं नाही.

आणि त्या तीनशे कास्टिंगचा मेल अजून गेला नसेल तर त्यात पहिलं वाक्य असं टाका: ‘वी मिसअंडरस्टुड युवर क्वेश्चन. द पार्ट्स वेअर मेड टू इश्यू टू, नॉट इश्यू थ्री.’ आकडे तुमच्या ड्रॉइंगचे घाला. इथं तो शब्द दोनदा आलाय, साहेबांना दाखवून मगच पाठवा.